सुरतेची श्वानपरंपरा आणि आपले कर्तव्य

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० मधील स्वाऱ्या उभ्या राहतात. त्याच सुरतेत आज खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे कापड उद्योगाच्या आधाराने स्थिरावली आहेत. या शहराच्या इतिहासात कुत्र्यासंबंधीचे एक लहानसे प्रकरणही आहे. ते फारसे परिचित नाही. तथापि मानवाच्या या सर्वांत जुन्या सोबत्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा बोध त्यातून होतो.

बादशाही पाहुणे

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळी येथे उतरला. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने आपल्या प्रवासवर्णनात एक मनोरंजक हकिकत दिली आहे. ईस्ट इंडिया कंपनीने जहांगीर बादशहास नजराणा म्हणून मॅस्टिफ जातीचे उग्र कुत्रे जहाजांतून पाठविले होते. दीर्घ सागरी प्रवासात त्यांतील दोनच वाचले. दरबाराकडे नेताना त्यांतील एक सुटला आणि थेट हत्तीवर धावून गेला. बादशहा या कुत्र्यांवर इतका प्रसन्न झाला, की त्याने प्रत्येकाच्या दिमतीस चार सेवक नेमले. दोघांनी पालखी वाहावयाची आणि दोघांनी माश्या वारावयाच्या, अशी व्यवस्था होती. त्यांना स्वहस्ते घास भरविता यावा म्हणून बादशहाने चांदीचा चिमटाही घडवून घेतला.

रोगी व जराजर्जरांचा आश्रय

पुढे जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सुरतेस आला. त्याला येथे वेगळेच दृश्य दिसले. नगराबाहेर वाणी समाजाच्या खर्चाने चालणारे प्राण्यांचे एक रुग्णालय होते. गाई, घोडे, शेळ्या यांच्याबरोबर आजारी, लंगडी आणि वृद्ध कुत्रीही तेथे सांभाळली जात. येथे जातिवंत कोण व गावठी कोण, असा प्रश्न नव्हता. पांजरपोळाच्या या परंपरेचा युरोपीय प्रवाशांना मोठा अचंबा वाटे.

सुरतेत दीर्घकाळ नांदलेल्या पारशी समाजातही कुत्र्यास आदराचे स्थान आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांच्या अंत्यविधीतील ‘सगदीद’ हा संस्कार आहे. १८३२ मध्ये मुंबईत बेवारशी कुत्री मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावले, तेव्हा पारशी समाजात तीव्र असंतोष पसरला; दंगल झाली आणि हरताळही पाळला गेला. मोकाट कुत्र्यांचा प्रश्न आजचा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

जाती अनेक, गुण अनेक

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’ असे आपण सहज म्हणतो. परंतु या प्राण्याने मानवाची जितकी विविध कामे केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी केली असतील. धनगराच्या मेंढवाड्यावर तो रात्रभर जागतो. खंडोबाच्या आणि श्रीदत्तांच्या चित्रांत त्यांच्या सान्निध्यात तो दिसतो. महाराष्ट्रात ‘कारवानी’ आणि कर्नाटकात ‘मुधोळ’ या नावाने ओळखला जाणारा सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा तीक्ष्ण दृष्टी व वेग यांसाठी प्रसिद्ध आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने काढलेल्या चार तिकिटांवर हिमालयीन मेंढपाळ कुत्रा, रामपूर, राजापलायम आणि मुधोळ या देशी जातींना स्थान मिळाले.

घ्राणेंद्रियाच्या बळावर कुत्रा जे करतो, ते अनेकदा यंत्रासही साधत नाही. मुंबई पोलीस दलातील ‘झंजीर’ हा लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा याचे उत्तम उदाहरण होय. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्यास साहाय्य केले आणि असंख्य प्राण वाचविले. २००० मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा पोलीस दलाने त्यास सन्मानाने अखेरचा निरोप दिला.

आपले कर्तव्य

या सेवेची परतफेड चांदीच्या चिमट्याने होणार नाही. कुत्र्याचा खरा शत्रू रेबीज हा रोग आहे आणि तोच मनुष्याचाही शत्रू आहे. बाधित प्राण्याच्या लाळेतून हा विषाणू शरीरात शिरतो. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र वेळीच उपाय केल्यास हा मृत्यू टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये मनुष्यावर या लसीचा यशस्वी प्रयोग केला. त्यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, तिखट, चुना वा तेल लावू नये. विलंब न करता दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांनी सांगितलेली सर्व इंजेक्शने पूर्ण घ्यावीत. ओरखडा किरकोळ आहे, म्हणून दुर्लक्ष करणे प्राणघातक ठरू शकते. लहान मुले मार बसेल या भीतीने चावा लपवितात. त्यांना विश्वासात घेऊन विचारावे.

पाळीव कुत्र्यास पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती नियमितपणे द्यावी. सरसकट कुत्री मारल्याने रेबीज हटत नाही, असा जगाचा अनुभव आहे. परिसरातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांचे लसीकरण झाले, तर रोगाची साखळी तुटते. नसबंदी व लसीकरण यांसाठी केंद्र शासनाने २००१ मध्ये नियम केले आणि २०२३ मध्ये ते नव्याने जारी केले. परंतु लसीकरणाचे पथक आपल्या गल्लीत आले असता दार उघडून सहकार्य करणे, हे नागरिकांच्याच हाती आहे.

बादशहाने दोन कुत्र्यांची बडदास्त ठेवली. सुरतेच्या महाजनांनी दारोदार भटकणाऱ्यांना आसरा दिला. यांपैकी दुसरी वाट आपणा सर्वांना परवडणारी आहे. दारातल्या कुत्र्याला भाकरीच्या तुकड्याबरोबर लसही मिळाली, तर त्याचे इमान आपल्या घराला निर्धोकपणे लाभेल.