सुट्टीसुट्टीने उभे राहणारे घर

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील वाडीतून फेरफटका मारला, की एखादे अर्धवट घर हमखास दिसते. जोते पूर्ण, भिंती कमरेएवढ्या आणि बाजूला रचून ठेवलेले चिरे. परक्याला ते रखडलेले काम वाटते. वाडीला मात्र ठाऊक असते, की मालक मुंबईत नोकरीला आहे आणि पुढचा थर येत्या मे महिन्यात चढेल.

चाकरमान्याचे घर असे टप्प्याटप्प्याने का बांधले जाते, याचे उत्तर पैशांत आहे, तसेच जमिनीतही आहे. गावची जमीन बहुधा सामाईक असते आणि सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे असतात. अशा जागेवर गृहकर्ज मिळणे कठीण. त्यामुळे घर उभे राहते ते बोनस, भिशी आणि भविष्यनिर्वाह निधीतून. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि येणे-जाणे सोपे झाले. सुट्टीचे दिवस मात्र वाढले नाहीत. गणपतीत पाऊस असतो, दिवाळीची सुट्टी अपुरी पडते. उरतो तो मे महिना.

टप्पा कुठे थांबवावा?

काम कुठेही थांबवून चालत नाही. प्रत्येक टप्पा पावसाळा सोसेल अशाच ठिकाणी संपला पाहिजे. जोते हा त्यातला सर्वांत उत्तम थांबा. आत भरलेली माती आणि मुरूम एका पावसाळ्यात चांगला बसतो. घाईने वर फरशी घातली, तर ती पुढे खचते. जांभा दगड खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो, म्हणून चिरे आधी आणून ठेवण्यात तोटा नाही. सिमेंटचे मात्र उलट आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ पडून राहिलेल्या पोत्यांची ताकद कमी होते, तेव्हा उरलेले सिमेंट पुढच्या वर्षासाठी राखू नये. भिंती उघड्या राहणार असतील, तर त्यांचे माथे झापांनी किंवा प्लास्टिकने झाकावेत. पुढील मजल्यासाठी सोडलेल्या सळ्यांना सिमेंटचा घोल लावून वर कच्चे काँक्रीट चढवावे, अन्यथा गंज आत उतरतो.

खरी अडचण पाण्याची. बांधकामाला पाणी सर्वाधिक लागते ते मे महिन्यात आणि विहिरी तळ गाठतात त्याही याच महिन्यात. स्लॅबवर आळी करून निदान दोन आठवडे पाणी साठवावे लागते. मालकाची रजा तोवर संपलेली असते. मग रोज सकाळी हंडा घेऊन वर चढते ती गावात राहिलेली भावजय किंवा म्हातारी आई. घराच्या हिशेबात या श्रमांची नोंद कुठेच नसते.

कागदाचे जोते

दगडी जोत्याआधी कागदाचे जोते घालावे, हे म्हणूनच महत्त्वाचे. सहहिस्सेदारांची लेखी संमती किंवा नोंदणीकृत वाटपपत्र, बांधकामाची परवानगी आणि घरपट्टीच्या नोंदीत कोणाकोणाची नावे लागणार याचा निर्णय, या गोष्टी पहिल्याच सुट्टीत उरकाव्यात. दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या बांधकामात माणसे बदलतात. तोंडी शब्द देणारा थोरला भाऊ जातो. त्याच्या मुलांना त्या शब्दाची माहितीही नसते. मग भिंत पावसाने नव्हे, वादाने थांबते.

दुसराही प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. जोते घातले तेव्हा लहान असलेली मुले छप्पर चढेपर्यंत शहरातच स्थिरावतात आणि मोठे घर वर्षातून अकरा महिने कुलूपबंद राहते. म्हणून आधी स्वयंपाकघर, एक खोली, न्हाणीघर आणि पडवी एवढे पूर्ण करून राहायला सुरुवात करावी. बाकीचे सवडीने वाढवता येते. ज्याने पहिला चिरा बसवला, त्याला त्या घरात चार पावसाळे काढता आले पाहिजेत. टप्पे आखायचे ते यासाठीच.