मसाला चहाचा अर्क : थोड्या भांडवलाचा घरगुती धंदा

मालेगाव असो वा भिवंडी, यंत्रमागाच्या वस्तीत दिवसातून किती वेळा चहा होतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कारखान्यात पाळी बदलली की चहा, दुकानात व्यापारी आला की चहा, रमजानमध्ये तरावीहनंतर चहा आणि सहरीला पुन्हा चहा. एवढे गिऱ्हाईक दाराशी असताना या चहातून आपल्या घरांना चार पैसे हलाल मार्गाने मिळतील का, असा विचार आमच्या अनेक भगिनींच्या मनात येत असेल. दूध न घालता तयार केलेला मसाला चहाचा अर्क हा असा एक धंदा होऊ शकतो. मात्र त्यात फायदा कुठे आहे आणि पैसा बुडतो कुठे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

अर्क म्हणजे काय?

मसाला आणि चहापत्तीचे घट्ट उतरवलेले पाणी म्हणजे अर्क. कपात थोडा अर्क, वर उकळते दूध आणि आवडीप्रमाणे साखर घातली की चहा तयार. ही कल्पना नवी नाही. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाचे पाणी बंद भांड्यात दमावर वेगळे ठेवतात, दूध वेगळे आटवतात आणि गिऱ्हाईक आले की दोन्ही कपात एकत्र करतात. आपण तेच पाणी मसाला घालून बाटलीत भरतो, इतकाच फरक. गिऱ्हाईक चहा तर घरीही करू शकते. आपण त्याला विकतो तो आले कुटण्याचा आणि मसाला उकळण्याचा वेळ.

एका लिटरचे प्रमाण

५० मिलीलिटर अर्क व १०० मिलीलिटर दूध असा कप धरल्यास एका लिटर अर्कात २० कप होतात. त्यासाठी पाणी दीड लिटर, चहापत्ती ५० ग्रॅम, ओले आले ६० ग्रॅम, हिरवी वेलची ६ ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, काळी मिरी ३ ग्रॅम व लवंग २ ग्रॅम घ्यावी. जायफळ चिमूटभर पुरे. जास्त झाले की चव औषधी लागते. लहान वजनाचा काटा हे या धंद्याचे पहिले हत्यार. मुठीने आणि चमच्याने माप घेतले तर आजची बाटली कालच्या बाटलीसारखी लागणार नाही आणि गिऱ्हाईक परत येणार नाही.

मसाला जाडसर कुटून, आले ठेचून, झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटे उकळावे. चहापत्ती या वेळी घालू नये. मसाल्याचा कस उतरायला वेळ लागतो, पण पत्ती तितकाच वेळ उकळली तर तुरटपणा व कडूपणा उतरतो. आच बंद करून पत्ती घालावी, झाकावे आणि ५ ते ६ मिनिटांनी गाळावे. बाजारात जिला ममरी म्हणतात ती दाणेदार पत्ती यासाठी योग्य. पाने चुरडून, फाडून व वळवून ती करण्याची यंत्रे १९३०च्या दशकात आसामात निघाली. दाणा बारीक असल्याने रंग व कडकपणा थोड्या वेळात उतरतो. गाळल्यावर अर्क लिटरपेक्षा कमी भरला तर चोथ्यावर उकळते पाणी ओतून माप पुरे करावे.

आले नीट उकळण्यामागे आणखी एक कारण आहे. कच्च्या आल्यातील पाचक द्रव्य दुधातील प्रथिने तोडते आणि दूध फाटते. उकळीने ते द्रव्य निकामी होते. घाईने आले मागाहून घातले तर गिऱ्हाईकाचे दूध नासेल आणि दोष आपल्या बाटलीवर येईल. गुळानेही दूध फाटू शकते, म्हणून अर्कात गूळ घालू नये.

एकदम दहा लिटर करायचे असल्यास मसाला व पत्ती दसपट घ्यावी, पण पाणी पंधरा लिटर नको. मोठ्या पातेल्यात वाफेने जाणारे पाणी त्या मानाने कमी असते. १३ लिटरपासून सुरुवात करून पाहावी.

सरबताचा नियम इथे चालत नाही

आपल्या समाजाला सरबताची परंपरा मोठी आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दिल्लीत हमदर्द सुरू केले आणि त्यांचे रूह अफजा घराघरांत पोचले. सरबताची बाटली फ्रीजशिवाय टिकते, मग चहाच्या अर्कात साखर घालून तो का टिकवू नये, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर हिशेबात आहे.

पाक टिकण्यासाठी त्यात वजनाने साधारण ६५ टक्के साखर लागते. म्हणजे एक किलो पाकात ६५० ग्रॅम साखर आणि ३५० ग्रॅम चहाचे पाणी. कपाला १० ग्रॅम साखर धरली तर तेवढ्या साखरेत ६५ कप झाले पाहिजेत. पण ६५ कपांना कपामागे अडीच ग्रॅमप्रमाणे १६० ग्रॅमहून जास्त पत्ती लागते. तिचा कस ३५० मिलीलिटर पाण्यात घरी उतरवता येत नाही, कारण एवढे पाणी पत्तीच पिऊन टाकते. साखर टिकण्यापुरती घातली तर चहा गोडमिट्ट, आणि चवीपुरती घातली तर अर्क टिकत नाही.

म्हणून घरी केलेला चहाचा अर्क हा दुधासारखा ताजा माल समजावा. चहाला लिंबाचा किंवा कैरीचा आंबटपणा नसतो, त्यामुळे त्यात जंतू सहज वाढतात. झाकण घट्ट लावून बाहेर ठेवलेली बाटली तर अधिक धोक्याची, कारण काही घातक जंतू हवा नसतानाच वाढतात. गाळलेला अर्क झाकून, पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर गार करावा आणि दोन तासांच्या आत ५ अंशांखाली फ्रीजमध्ये न्यावा. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या असाव्यात. पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम अर्क कधीही ओतू नये. मुदत पाच दिवसांहून जास्त लिहू नये, असे आम्ही सुचवतो. वीज बराच वेळ गेली आणि बाटल्या कोमट झाल्या तर तो माल विकू नये.

गार झाल्यावर अर्क गढूळ दिसतो. चहातील द्रव्ये थंडीत एकमेकांना चिकटतात म्हणून असे होते. गरम करताच तो पुन्हा स्वच्छ होतो. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे. मात्र बुडबुडे, आंबूस वास किंवा तार दिसली तर तो अर्क फेकून द्यावा.

माल पारखून घ्या

वापरलेली पत्ती वाळवून, रंग लावून पुन्हा विकण्याचा काळा धंदा जुना आहे. ओल्या गाळणकागदावर पत्ती पसरावी. लगेच रंगाचे डाग उठले तर ती परत करावी. लवंग पाण्यात टाकून पाहावी. चांगली लवंग बुडते, तेल काढून घेतलेली तरंगते. मिरीत पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्याही तरंगतात. बाजारात दालचिनी म्हणून पुष्कळदा जाड सालीची तज मिळते. खरी दालचिनी पातळ सालींच्या गुंडाळीसारखी दिसते. कोकणातील बांधवांना दालचिनी व जायफळ आपल्याच बागेत घेता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात त्यासाठीच काढली आहे.

बाटलीतले तयार सुगंध वापरू नयेत. त्यांतील काही मद्यार्कात विरघळवलेले असतात आणि अख्खा मसाला असताना त्यांची गरजही नाही.

हिशेब कसा मांडावा?

भाव रोज बदलतात, म्हणून आम्ही रीत सांगतो. आकडे समजुतीपुरते धरावेत. समजा दहा लिटरला माल ५०० रुपये, गॅस व वीज १०० रुपये, बाटल्यांची झीज व धुणे ८० रुपये लागले. आता जो आकडा आपल्या घरांत नेहमी विसरला जातो तो लिहा, घरातील स्त्रीची मजुरी. चार तासांचे तासाला ६० प्रमाणे २४० रुपये. एकूण ९२० रुपये झाले.

लिटरचा भाव १२० ठेवला आणि दहापैकी नऊ बाटल्या खपल्या, तर १०८० रुपये येतात आणि मजुरी वजा जाता १६० रुपये उरतात. सातच खपल्या तर ८४० रुपये येतात. म्हणजे ८० रुपये तोटा. तीच कृती, तोच मसाला, फरक फक्त न खपलेल्या बाटल्यांचा. हा धंदा उरलेल्या मालात बुडतो. म्हणून आधी मागणी घ्यावी आणि मग पातेले चढवावे.

गिऱ्हाईकही नीट निवडावे. चहाचे हॉटेल आपला अर्क घेणार नाही. त्याला तो स्वतः करणे स्वस्त पडते. जिथे चहा हवा पण करायला माणूस नाही, तिथे जावे : दवाखाने, वकिलांची कार्यालये, शिकवण्या, दुकाने, दोघेही नोकरी करणारी घरे. रमजानमध्ये सहरीच्या घाईत हा अर्क फार उपयोगी पडतो. लग्न, वलीमा व इज्तिमाच्या मागण्या ठरावीक दिवसाच्या असतात, त्यांत माल उरत नाही.

भांडवलासाठी व्याजाचे कर्ज काढू नये. पातेले, काटा, गाळणी व पन्नास बाटल्या, एवढ्यावर सुरुवात होते; घरात फ्रीज असला म्हणजे झाले. कमी पडल्यास नातलगांकडून कर्ज-ए-हसना घ्यावे किंवा दोघी-तिघींनी भागीदारी करावी. मात्र व्यवहार लिहून ठेवावा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपल्याकडे नात्यात लिहिणे कमीपणाचे मानले जाते आणि पुढे नातेही जाते, पैसाही जातो.

कायदा आणि ईमान

अन्नसुरक्षा कायदा २००६ प्रमाणे घरगुती खाद्य उद्योगालाही नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत लहान उद्योगासाठी १२ लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल व वर्षाला १०० रुपये शुल्क अशी तरतूद झाली. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावेत. बाटलीवर नाव, घटक, माप, किंमत, तयार केल्याची तारीख, शेवटची तारीख, नोंदणी क्रमांक, पत्ता व ‘थंड जागी ठेवा’ ही सूचना असावी.

त्याहून मोठा कायदा आपल्याला ठाऊक आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले आणि त्यांनी व्यापाऱ्याला विचारले की ओले वर का ठेवले नाहीस. चोथ्यातून दुसऱ्यांदा अर्क काढून पहिल्याच्या भावाने विकणे किंवा जुन्या बाटलीवर नवी तारीख चिकटवणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच होय. बाटलीतला अर्क गिऱ्हाईकाला पारखता येत नाही, तो आपल्या शब्दावर घेतो. पहिला महिना दहाच बाटल्या करा, पण त्या दहाही अशा असू द्या की स्वतःच्या मुलांना देताना हात अडखळू नये. बरकत अल्लाहच्या हाती आहे. माप आणि तारीख मात्र आपल्या हाती आहे.