आइसलँड व्हाया चाळीसगाव

आमचा टीम लीड सुटीवरून परतला तो थेट आइसलँडहून. कॉफी मशीनजवळ गर्दी जमली, मोबाइलवर फोटो सरकू लागले. स्कोगाफॉसचा साठ मीटर उंचीचा धबधबा, पांढरीशुभ्र हिमनदी आणि रेनिसफियाराचा काळाकुट्ट किनारा. छोटी बस, मोजकी माणसं आणि एका दिवसात सगळं! ‘‘ही वाळू म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा चुरा, यार!’’ तो म्हणाला. आम्ही सगळे एका सुरात ‘वॉव’.

काळा दगड तर आमच्याकडे शेताच्या बांधालाही असतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण गप्प बसलो. कारण पुण्यात आल्यापासून ‘तू कुठला?’ला माझं ठरलेलं उत्तर होतं, ‘नाशिकच्या पुढे.’ धुळं म्हटलं की लोक फक्त उन्हाची चौकशी करतात. आणि घरच्यांशी अहिराणीत बोलायचं तर मी फोन घेऊन जिन्यात जायचो.

ऑगस्टमध्ये मात्र तोंडून निघून गेलं, ‘‘चला, तुम्हाला आमचं आइसलँड दाखवतो.’’ पाच जण तयार झाले. शनिवारी धुळ्याला घरी मुक्काम आणि रविवारी पहाटे गाडी बाहेर.

आधी साक्री रस्ता. तिकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या सरळसोट भिंती गेलेल्या दिसतात. लहानपणी मामा सांगायचा, त्या भुतांनी एका रात्रीत बांधल्या. खरं कारण जास्त भन्नाट आहे. जमीन फाटली, भेगांत लाव्हा शिरला, तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा भाग झिजला आणि भिंत उरली. भूवैज्ञानिक याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे दोनशेहून जास्त डाइक नोंदले गेलेत. दख्खनचा हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा सगळ्यात जुना दगड दीड कोटीच्या आसपासचा. म्हणजे तो आमच्यासमोर कालचं पोर! टीम लीडने पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला.

मग गाडी उलटी फिरवली. वाटेत ढाब्यावर झणझणीत शेवभाजी हाणली, चाळीसगाव ओलांडलं आणि पाटणादेवी गाठलं. गौताळा औट्रामघाट अभयारण्याचा हा पायथा. तिन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, मध्ये चंडिकादेवीचं काळ्या दगडातलं यादवकालीन मंदिर. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याची नोंद आहे. आपण एक्सेलशिवाय टक्केवारी काढत नाही. इथे आठशे वर्षांपूर्वी ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवायची सोय होती!

मंदिरापासून जंगलातून चालत धवलतीर्थ. डोंगर इथे पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्याच या पायऱ्या. पाणी त्यांच्यावरूनच खाली झेपावतं. हिमनदी मात्र आपल्याकडे नाही. मे महिन्यात पारा ४५वर जातो, तिथे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. पण फरक इथेच कळतो. त्यांच्या धबधब्यांमागे बर्फाचा साठा असतो, आपल्यामागे फक्त पाऊस. तो ओसरला की काही आठवड्यांत उरतो कोरडा कडा. म्हणून हे पाणी बघायची घाई करावी लागते.

घाई नडतेच. आमच्यातला एक जण फोटोसाठी कड्याच्या टोकाकडे सरकला. मागून कडक आवाज आला, ‘‘तठे जाऊ नका रे भो, शेवाय शे तठे!’’ डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी.

तो जागीच थबकला. बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, मला कळले. मी त्याचा दंड धरून मागे ओढला आणि नकळत ओरडलो, ‘‘नही जात माय, आठेच बसतस आम्ही!’’

पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. म्हातारी हसली. ‘‘आपलाच शे का?’’ म्हणाली आणि वाटेला लागली.

‘‘ही कुठली भाषा?’’ टीम लीडने विचारलं.

‘‘अहिराणी. माझी,’’ मी म्हणालो. पोटातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. रेनिसफियारालाही लाटा माणसं ओढून नेतात, म्हणून तिथे इशाऱ्याचे दिवे बसवलेत, असं तो सांगत होता. आमच्याकडे दिवे नाहीत, पण आवाज देणारी माय आहे.

सोमवारी कॉफी मशीनजवळ नव्या मुलीने विचारलं, ‘‘तू कुठला रे?’’

‘‘धुळ्याचा,’’ मी म्हणालो. आणि मोबाइल काढून फोटो दाखवायला लागलो.

जाताय?
कधी : ऑगस्ट-सप्टेंबर बेस्ट.
कसं : मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर चाळीसगाव, तिथून पाटणादेवी सुमारे १८ किमी. धुळ्याहून चाळीसगावला रस्त्याने दीड तास.
किती जण : पाच-सहाच. अभयारण्य आहे, स्पीकर घरी ठेवा.
सांभाळा : ग्रिपवाले बूट हवेतच. शेवाळलेल्या दगडावर सेल्फी नको. गावकरी ‘नको’ म्हणाले तर ते फायनल!