अग्रहार, घरभाडे आणि दुर्गम शाळेचा शिक्षक

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या खोऱ्यात, तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. त्याला शहाजीराजपुरम हे दुसरे नाव मराठ्यांनी दिले. व्यंकोजीराजांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे, तंजावरचे शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये हे गाव सुमारे ४५ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. राहायला घर आणि ते चालावे एवढ्या जमिनीचे उत्पन्न, असे त्या देणगीचे स्वरूप होते. रामभद्र दीक्षितांसारखे विद्वान त्या गावात स्थिरावले. अग्रहाराची दारे ब्राह्मणांपुरतीच उघडी होती, ही त्याची मर्यादा लहान नव्हे. तरीही शिकवणारा गावात टिकायचा तर आधी त्याच्या निवाऱ्याची सोय हवी, एवढे त्या दरबाराला कळत होते.

आजच्या राज्यव्यवस्थेने घराऐवजी भत्ता पसंत केला. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने २०१७ मध्ये घरभाडे भत्त्याचे दर ठरवले: महानगरांत मूळ वेतनाच्या २४ टक्के, मध्यम शहरांत १६, उरलेल्या भागात ८. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर हेच दर ३०, २० आणि १० व्हायचे होते. महाराष्ट्रानेही हीच चौकट स्वीकारली. बाजारभाड्याच्या हिशेबाने ती बिनचूक आहे. पण भामरागड किंवा अक्राणीच्या पाड्यांवर भाड्याने देण्याजोगे घर सापडणेच कठीण. तेथे टक्केवारीतून भिंती उभ्या राहत नाहीत. शिक्षकाला जेथे राहावेसे वाटते तेथे सरकार जास्त देते, जेथे तो जायला कचरतो तेथे सर्वांत कमी.

मग शिक्षक तालुक्याच्या ठिकाणाहून ये-जा करतो आणि प्रश्न शिस्तीचा होतो. मुख्यालयी राहण्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव हवा, असे राज्याच्या ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये ठरवले. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी न राहता भत्ता घेणाऱ्यांचा विषय विधानसभेत काढला, तेव्हा तत्कालीन औरंगाबादेत शिक्षकांचा मोर्चा निघाला. न राहता भत्ता उचलणे गैरच. पण ठरावाने घर मिळत नाही. शिक्षक मात्र गावच्या राजकारणाच्या हाती सापडतो.

दिल्लीला हे ठाऊक नाही असे नाही. २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात दुर्गम भागांत शिक्षक निवासस्थाने बांधण्याची तरतूद होती. २०१८ मध्ये ते अभियान समग्र शिक्षेत विलीन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर शाळेच्या आवारात वा जवळ घर, किंवा वाढीव घरभाडे, हे ग्रामीण शिक्षकांसाठीचे प्रमुख प्रोत्साहन म्हटले. अडचण 'किंवा' या शब्दात आहे. भत्ता आदेशाने वाढतो. घराला जागा, पाणी आणि दुरुस्तीचा खर्च लागतो. शिक्षण १९७६ पासून समवर्ती सूचीत असल्याने धोरण केंद्राचे, तिजोरी बव्हंशी राज्याची आणि जाब जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली आहे.

राजधानीत बदलून आलेल्या अधिकाऱ्याला सरकारी निवासस्थानासाठी अर्ज कोठे करायचा हे पहिल्या आठवड्यातच कळते. भामरागडला नेमणूक झालेल्या शिक्षिकेने तसा अर्ज कोणत्या कचेरीत द्यावा, हे शिक्षण खात्याच्या अनुदान मागण्यांवरील चर्चेत एखाद्या मराठी खासदाराने विचारायला हरकत नाही. निधी किती मंजूर झाला याहून, किती घरांत शिक्षक प्रत्यक्ष राहतात हा आकडा त्याने मागावा.