दादी ऐकत नाहीत, की त्यांना ऐकू येत नाही?

‘किती वेळा सांगायचं!’ म्हणून आपण दादींवर चिडतो. दोष मात्र कानाचा असतो. कानात मळ साचला, पडद्याला भोक पडलं किंवा पडद्यामागे पाणी झालं, तर आवाज आत पोचत नाही. हा बहिरेपणा बहुतेकदा बरा होतो. वय, कर्कश आवाज, गालगुंड किंवा काही औषधांनी आतला कान बिघडला, तर तो सहसा भरून येत नाही. तिथे श्रवणयंत्र उपयोगी पडतं. काहींना दोन्ही दोष असतात. फरक ऑडिओमेट्रीत कळतो: प्रत्येक कानाला ऐकू येणारा हलक्यात हलका आवाज डेसिबलमध्ये मोजतात. तान्ह्या बाळाची तपासणी झोपेतही होते; ती पहिल्या महिन्यातच करून घ्यावी. कान अचानक बंद पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आणि दादींशी समोर बसून, सावकाश बोलावं.