सांदवाडीच्या कुंपणाचा हिशेब

घरामागच्या सांदवाडीला कुंपण घालायचे ठरले, की आपण म्हणतो, "ते पुरुषांनी बघावे." सुतार येतो, नजरेनेच अंदाज सांगतो, आणि काम निम्म्यावर आले की निरोप येतो, "बाई, आणखी थोडं लाकूड लागेल." मैत्रिणींनो, महिन्याचा किराणा आपण यादी करूनच आणतो ना? मग कुंपणाची यादीही आपणच करावी. हिशेब चौथीच्या गणिताचा आहे.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. 'वीस फुटांत पाच-पाच फुटांवर खांब रोवायचे, तर खांब किती?' असे विचारले, की अर्धा वर्ग 'चार' म्हणून मोकळा होतो. गाळे चार, पण खांब पाच! एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले.

समजा, सांदवाडी ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब आहे. एका बाजूला घराची भिंत आहेच. उरल्या तीन बाजू: ४०, ३० आणि ४०, म्हणजे ११० फूट. त्यांतले ४ फूट फाटकाचे. सहा फुटांच्या आत एक खांब धरला, तर फाटक धरून सात, पाच आणि सात असे १९ गाळे होतात. म्हणून खांब २०. प्रत्येक खांब ७ फुटी. पाच फूट वर, दोन फूट जमिनीत.

आता लाकूड. रुंदी व जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे, घनफूट मिळतात. तीन बाय तीन इंचांचे २० खांब म्हणजे पावणेनऊ घनफूट. दोन ओळी आडव्या पट्ट्या, तीन बाय दीड इंचाच्या, तूट धरून २३३ फूट. त्याचे सव्वासात घनफूट. उभ्या पट्ट्या तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड, साडेचार फूट उंच. मध्ये दोन इंचांची फट ठेवली तर २५५ लागतात आणि एकट्याच १८ घनफूट खातात. बेरीज ३४ घनफूट, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर!

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान नावाजलेले. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी ते बल्लारशाहून गेले. असले लाकूड कोंबड्या-बकऱ्या अडवायला लावायचे का, याचा विचार करा. खांब तेवढे लाकडाचे ठेवावेत आणि बाकी सगळा बांबू घ्यावा. मग यादी अशी होते:

खांब: २०, लाकूड पावणेनऊ घनफूट.
आडवे बांबू: १८ फुटी, १२ नग.
उभ्या कमच्या: बांबू मधोमध चिरून, दोन इंची ३६४, एका बांबूच्या आठ निघतात, म्हणून ४६ बांबू.
तूट धरून एकूण बांबू: ६४.
जस्ताचा मुलामा दिलेली १८ नंबरची तार: अडीच किलो. खिळ्याने बांबू चिरतो, म्हणून तारेनेच बांधावे.
शिवाय डांबर, गिट्टी आणि फाटकाच्या बिजागऱ्या.

यादीपुढे तीन रकाने आखावेत: नग, दर, रक्कम. दर दोन-तीन ठिकाणी विचारून लिहावेत. मजुरी रोजावर न ठरवता रनिंग फुटावर ठरवावी, म्हणजे काम रेंगाळत नाही.

लाकूड परवाना असलेल्या आरामशीनवरूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. "जंगलातून स्वस्तात आणून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. पुढे वनखात्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. स्वतःच्या जागेतले सागाचे झाड तोडायलाही परवानगी लागते. बांबूचे मात्र सोपे झाले आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू वन कायद्यात 'झाड' धरला जात नाही. जंगलातला बांबू हवा असेल, तर गावाला सामूहिक वनहक्क मिळाले असल्यास ग्रामसभेत विचारावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हे हक्क २००९ मध्ये मिळाले, आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली.

बांबू तीन वर्षांचा तरी जून असावा आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला असावा. दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून सावलीत वाळवला, की घुणे कमी लागतात.

खरी काळजी खांबाच्या पायथ्याची घ्यायची. वरचे पाच फूट धडधाकट असतात. खांब कुजतो तो मातीच्या पातळीशी, आणि उधईही तिथेच लागते. कोवळ्या झाडाच्या बारीक बल्ल्या स्वस्त मिळतात, पण त्यांत पांढरे लाकूडच जास्त, ते लवकर जाते. आतल्या पक्क्या लाकडाचे वाळलेले खांब घ्यावेत, खालच्या अडीच फुटांना डांबर लावावे, खड्ड्याच्या तळाशी गिट्टी घालून माती चांगली ठोकावी. कमच्या जमिनीपासून तीन बोटे वर ठेवाव्यात.

कमच्यांमध्ये दीड इंचाची फट सोडावी, असे मी का म्हणते? बांबू वाचवायला नाही. पहाटे सांदवाडीत जाणारी आपणच असतो. बिबट्याला पाच फुटी कुंपण काही भारी नाही, तो उडी मारून येतो. दार उघडण्याआधी पलीकडचे दिसले पाहिजे. म्हणून कुंपणाला लागून झुडपे माजू देऊ नयेत, आणि शक्य तर त्या बाजूला एक दिवा असावा.

आणि एक गोष्ट घरात निक्षून सांगावी. रानडुकरे येतात म्हणून कोणी कुंपणाच्या तारेत घरातली वीज सोडू म्हणेल, तर त्याला मुळीच होकार देऊ नका. तो गुन्हा तर आहेच, पण त्या तारेने आपल्या जिल्ह्यांत जनावरांबरोबर माणसेही गेली आहेत. पावणेनऊ घनफूट लाकूड आणि ६४ बांबू एवढ्यात काम भागते, बरं का. त्यापायी कुणाचा जीव जायला नको.