सनद देणारी आणि काढून घेणारी परिषद

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन सुरतेत स्थिरावलेली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. कोर्टाचं काम निघालं आणि वकील फी घेऊन तारखेला उभाच राहिला नाही, तर माणूस तक्रार घेऊन अठवालाइन्सच्या कोर्टातल्या बार असोसिएशनकडे जातो. ती वकिलांची स्थानिक संघटना. सनद देणं किंवा काढून घेणं तिच्या हाती नसतं. तो अधिकार बार कौन्सिल ऑफ गुजरात या वकिलांच्या अहमदाबादमधल्या राज्य परिषदेचा. राज्याच्या यादीत नाव चढल्याशिवाय कुणालाही वकिली करता येत नाही.

हा अधिकार वकिलांना सहज मिळालेला नाही. पूर्वी सनद हायकोर्टाच्या मर्जीवर असे. १९१९ साली अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई हायकोर्टाला कळवलं, की इथल्या काही वकिलांनी रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या आहेत. त्यांच्यावर कारवाई करायची की नाही, हे हायकोर्टच ठरवणार होतं. गांधीजींनी ते पत्र ‘यंग इंडिया’त छापलं, त्यावरून अवमानाचा खटला चालला आणि मार्च १९२० मध्ये कोर्टाने त्यांना कडक समज दिली. १९२६च्या कायद्याने बार कौन्सिलं आली खरी, पण शेवटचा शब्द हायकोर्टाचाच राहिला. तो बदलला १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने. गुजरात वर्षभरापूर्वीच वेगळं राज्य झालं होतं, त्यामुळे त्याची परिषदही स्वतंत्र झाली.

परिषदेचे सदस्य वकीलच मतदानाने निवडतात. राज्याचे महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य असतात. नावनोंदणीसाठी कायद्यात ठरलेली रक्कम ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. अनेक राज्यांच्या परिषदा त्याहून कितीतरी जास्त घेत होत्या. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी हा फार मोठा निकाल आहे.

आता तक्रारीचं. आधी वकिलाचा नोंदणी क्रमांक पाहावा. गुजरातचा क्रमांक ‘जी’ने सुरू होतो, महाराष्ट्र-गोव्याचा ‘एमएएच’ने. ज्या राज्याच्या यादीत नाव, तिथल्याच परिषदेकडे तक्रार जाते. म्हणजे जळगावच्या वकिलाची तक्रार अहमदाबादला चालत नाही. वकीलपत्राची नक्कल, पैसे दिल्याचा पुरावा, रोजनाम्याच्या नकला सोबत जोडाव्यात. तक्रारीत तथ्य वाटलं, तर ती तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जाते: दोघे परिषदेचे सदस्य, तिसरा परिषदेबाहेरचा अनुभवी वकील. समितीला साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. गैरवर्तन सिद्ध झालं, तर समज, ठरावीक काळाचं निलंबन किंवा यादीतून नाव कायमचं वगळणं. निलंबित वकिलाला त्या काळात देशातल्या कुठल्याच कोर्टात उभं राहता येत नाही.

वकिलांचा न्याय वकिलांनी करायचा, म्हणून पक्षकाराला शंका येणं स्वाभाविक आहे. म्हणून कायद्याने तक्रार निकाली काढायला एक वर्षाची मुदत घातली आहे. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. ही मुदत पाळणं हे परिषदेचं पहिलं कर्तव्य आहे, असं मला वाटतं. निकाल मान्य नसेल, तर तक्रारदारालाही साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडेच अपील करता येतं आणि त्यापुढे सुप्रीम कोर्टात.